'थांबणे' आणि 'वाट पाहणे' : प्रार्थनेच्या बोलीतला फरक

कळवेकर :
आमच्याकडे कळव्याला बुधवारी घरगुती प्रार्थना असते. गेल्या वेळी एक ताई म्हणाल्या, "मुलाच्या नोकरीसाठी तीन वर्षं प्रार्थना करतेय. उत्तर नाही. आता नुसती थांबलेय." पाळकसाहेब हळूच म्हणाले, "थांबू नका ताई, वाट पाहा." ताईंचे डोळे भरून आले. मला ते दोन शब्द अजून सोडत नाहीत. फरक नेमका काय? आणि धीर, सबुरी, सहनशीलता यांतलं इथे काय बसतं?

नौपाडा :
थांबणे म्हणजे चाल बंद होणं. गाडी थांबते, पाऊस थांबतो. 'वाट पाहणे'मध्ये मात्र वाट म्हणजे रस्ता, आणि काम डोळ्यांचं.

माझे वडील वागळे इस्टेटला सेकंड शिफ्टला होते. आई कणीक मळून, ओल्या फडक्याने झाकून खिडकीशी बसायची. पोळ्या आधी लाटून ठेवायची नाही. कोपऱ्यावर स्कूटरचा आवाज आला की तवा चढायचा. ती थांबलेली नव्हती, वाट पाहत होती. हा शब्द मला तिथून कळला.

आणखी एक पाहा. थांबतो ते कशासाठी तरी, वाट पाहतो ती कुणाची तरी. स्तोत्र 40 च्या सुरुवातीला मराठी बायबलमध्ये आहे, 'मी धीर धरून परमेश्वराची वाट पाहिली.' उत्तराची नव्हे, परमेश्वराची. ताईंना पाळकसाहेब हेच सांगत असावेत असं मला मनापासून वाटतं.

कळवेकर :
हे वाचून अंगावर काटा आला. मूळ हिब्रूतही असंच आहे का?

नौपाडा :
हो. तिथे 'धीर' असा वेगळा शब्दच नाही. एकच क्रियापद दोनदा आलंय, 'कव्वो किव्वीती', म्हणजे 'वाट पाहत वाट पाहिली'. आपण 'रडून रडून' म्हणतो तसा जोर. त्याच धातूशी जोडलेलं नाम 'तिकवा', म्हणजे आशा. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, यरीहो शहरातली राहाब नावाची बाई खिडकीला किरमिजी दोरी बांधते, त्या दोरीलाही 'तिकवा'च म्हटलंय. तीही खिडकीच, वाटेकडे पाहणारी.

तलावपाळी :
बाकीच्या शब्दांबद्दल थोडं. सबुरी अरबी 'सब्र'वरून, फारसीमार्गे आली. शब्द गोड आहे, पण चर्चमध्ये फारसा ऐकू येत नाही. सहनशीलता बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत आहे. ग्रीक 'माक्रोथुमिया', म्हणजे लवकर न भडकणारं मन. माणसांशी वागताना तो शब्द चपखल. देवाच्या बाबतीत 'सहन करतेय' म्हटलं की तक्रार वाटते, म्हणून प्रार्थनेत मी तो टाळतो.

गंमत म्हणजे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या शेतकऱ्याच्या धीरालाही याच शब्दाचं क्रियापद आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. आपल्या डोळ्यांपुढे लगेच जून आणि भाताची लावणी येते. पण त्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीच्या सुमारास, आणि शेवटचा मार्च-एप्रिलात, कापणीच्या तोंडावर. मधले महिने तो बांधावर हात जोडून बसत नाही.

'धीर' मला सगळ्यांत जवळचा. तो धरता येतो, सुटतो, आणि दुसऱ्याला देता येतो. 'सहनशीलता दिली' असं कुणी म्हणत नाही, 'धीर दिला' सगळे म्हणतात. बुधवारची प्रार्थना त्यासाठीच तर असते.

कळवेकर :
काल ताईंना हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "पण देवाला 'अजून किती दिवस' असं विचारलं तर तो अविश्वास ठरतो का हो?"

नौपाडा :
अजिबात नाही. स्तोत्र 13 उघडून द्या. हिब्रूत पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर' असा सवाल चार वेळा आहे, आणि तो सरळ परमेश्वरालाच केलेला आहे. त्यांना ते मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही शेजारी बसा.