दारू सुटली, पण दादा जास्तच खचलाय

धाकटी बहीण, इचलकरंजी:
दादाने गणपतीनंतर दारू सोडली. उपचार चालू आहेत, पीत नाही, पण त्याचं बोलणं ऐकवत नाही. परवा भाचीने फोन उचलला नाही, तर म्हणाला, "तिला माझी लाज वाटते." अहो, ती क्लासला होती! मागावर धागा तुटला तरी "मी कशाच्याच लायकीचा नाही" सुरू. झोप नाही. डॉक्टर डिप्रेशनची गोळी लगेच देत नाहीत, थोडं थांबू म्हणतात. आई तर म्हणते, प्यायचा तेव्हा निदान हसायचा. काय करू?

मिरजकर:
कामाला जुंपा. रिकाम्या डोक्यात असलेच किडे वळवळतात.

सोबर काका:
मिरजकर, तो मागावर जातोय. वाचा तरी नीट.

ताई, दारूमुळे आलेली उदासी बऱ्याचदा दारू बंद झाल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरते, म्हणून डॉक्टर थांबत असतील. त्यानंतरही राहिली, किंवा पिण्याच्या आधीपासूनच होती, तर तिला वेगळे उपचार लागतात. तेव्हा दादाचं जुनं सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. झोप मात्र उशिरा रुळावर येते.

"लायकीचा नाही" हे हलक्यात घेऊ नका. आमच्या एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगमध्ये कुणी असं बोललं की जुनी मंडळी कान टवकारतात. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "एवीतेवी वाया गेलोच आहे, मग एक क्वार्टर मारली तर काय बिघडलं?" साहेबांनी 'बसा' म्हटलं नाही एवढ्यावर मी संध्याकाळी गुत्ता गाठायचो.

"तसं काही नाही रे" म्हणून भागत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या, विचार तपासून पाहण्याच्या उपचारात वही असते: काय घडलं, मनात काय आलं, पुरावा काय. फोन उचलला नाही, लाज वाटते, क्लास सुटल्यावर तिनेच फोन केला की नाही? लिहू दे त्यालाच. तुम्ही फक्त पेन द्या.

धाकटी बहीण, इचलकरंजी:
काल म्हणाला, "मी नसलेलोच बरा." हेही वहीत?

सोबर काका:
नाही! हे आजच्या आज डॉक्टरांना. जीव द्यायचं मनात येतं का, असं त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका. रात्रीबेरात्री टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. आणि त्याच्या गोळ्यांची पाकिटं तुमच्याकडे ठेवा, एका वेळची तेवढीच हातावर द्या.