भातानंतरच्या पाण्याचे काय?

वाशीच्या बाजारातील दलाली संपली की शेतकऱ्याची गरिबी हटेल, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. पण ज्याचे भात जेमतेम घरी खाण्यापुरते पिकते, त्याला त्याचा उपयोग काय? ठाणे जिल्ह्यातील शहापूर पाहावे. तेथील भातसा-तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर धावतात. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीमालकाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची, भात झोडून झाले की बिऱ्हाडासह भट्टी गाठायची आणि पावसाच्या तोंडावर, उचल फिटून काही उरलेच तर ते घेऊन परतायचे, हे चक्र अनेक कातकरी आदिवासी कुटुंबांचे आहे. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच.

याउलट जेथे बंधारा किंवा विहीर झाली, तेथे भातानंतर भेंडी उभी राहते. ती कोवळी असतानाच एक दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे माणसे गावातच राहतात आणि हाती रोख पैसा खेळतो. पीएम किसान व नमो शेतकरी योजनेचे मिळून वर्षाला 12000 रुपये येतात. ते उपयोगी आहेत, परंतु उचल टाळायला पुरत नाहीत, आणि ज्यांच्या नावे जमीनच नाही त्यांना तेही मिळत नाहीत. म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्याखालील, कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काचे प्रलंबित दावे आणि रोजगार हमीतील विहिरी यांना मी अग्रक्रम देईन. बाजाराचा प्रश्न, बचत गटांनी एकत्र टेम्पो भरला तरी, बराचसा सुटतो.