'इव्हॅक्युई' मुलांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
दुसऱ्या महायुद्धात लंडनहून खेड्यात हलवलेल्या मुलांच्या आठवणी मराठीत आणते आहे. जागा सरे परगण्यातली, यूहर्स्ट गावाजवळची सेयर्स क्रॉफ्ट छावणी. १९३९ साली सरकारनं कायदा करून अशा छावण्या बांधून घेतल्या : लाकडी बराकी, दुमजली पलंग, एक मोठं जेवणघर. लंडनच्या कॅटफर्ड भागातली मुलग्यांची एक अख्खी शाळा मास्तरांसकट इथे येऊन राहिली. जेवणघराच्या भिंतींवर त्या मुलांनी रंगवलेली चित्रं अजून आहेत. 'इव्हॅक्युई'ला 'निर्वासित' लिहावं तर खटकतं. दुसरा शब्द आहे का? आणि 'बोर्डिंग स्कूल' तसंच ठेवू का?

प्रतिसाद :
ताई, खटकतं ते योग्यच आहे. निर्वासित म्हणजे ज्याची वस्तीच सुटली, परतायला जागा उरली नाही असा माणूस. आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण घ्या. १९४३ पासून तिथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सरकारनं त्यांना घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते इथे आले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली. जाणार कुठे? पुढे त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. हे दोघेही निर्वासित. कॅटफर्डच्या पोराचं घर, आई, गल्ली सगळं जागेवर होतं. फक्त तो तिथे नव्हता. त्याला निर्वासित म्हटलं तर वळिवड्याच्या मुलांसाठी शब्दच उरत नाही.

प्रतिसाद :
कायद्याच्या भाषेत 'निष्क्रांत' आहे. पण तो फाळणीत पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेला चिकटलेला, दप्तरातला शब्द. आठवणींत नकोच.

प्रतिसाद :
'स्थलांतरित' सुचवणार होतो, पण तो आपल्या पायानं जातो. ऊसतोड मजूर स्थलांतर करतो, पक्षी करतात. ही मुलं गेली नाहीत, त्यांना पाठवलं. १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे ब्रिटननं युद्ध पुकारायच्या दोन दिवस आधीच, मुलांच्या गाड्या सुटायला लागल्या. कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली, गळ्यात गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा खोका. सोबत तिकीट लावलेलं पोस्टकार्ड द्यायचे; मुलानं पोचल्यावर त्यावर नवा पत्ता लिहून घरी टाकायचं. आपलं लेकरू कुठल्या गावात आहे हे कितीतरी आयांना त्या कार्डावरूनच कळलं. म्हणून क्रियापद 'पाठवलं' किंवा 'हलवलं' असंच हवं. 'हलवलेली मुलं' साधं आहे, पण खरं आहे.

आपल्याकडचे जुने लोक प्लेगबद्दल सांगताना 'गाव सोडून माळावर राहायला गेलो' म्हणायचे. साथ ओसरली की परत. सिंधुदुर्गातल्या गावपळणीतही सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं आणि परत येतं. परतण्याची खात्री धरूनच बाहेर पडणं आपल्या भाषेला नवं नाही. पण त्यात घरचे सगळे बरोबर असतात. आईपासून तोडून एकट्या पोराला पाठवणं याला तयार शब्द मिळत नाही, तिथे ओढूनताणून आणू नये.

प्रतिसाद :
बोर्डिंगबद्दल. कोल्हापुरात 'बोर्डिंग' म्हणजे शाळा नव्हेच, वसतिगृह. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं झाली. मुलं तिथे राहायची, जेवायची आणि शिकायला गावातल्या शाळेत जायची. 'तो बोर्डिंगात वाढला' या वाक्यात आमच्याकडे कष्ट आणि अभिमान दोन्ही येतात. पाचगणीच्या 'बोर्डिंग स्कूल'मध्ये श्रीमंती येते. सेयर्स क्रॉफ्टला दोन्ही लागू नाही. 'छावणीतली शाळा' लिहा. फार तर पहिल्यांदा 'निवासी'.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. निवेदनात 'हलवलेली मुलं' आणि मुलांच्या तोंडी 'आम्हाला गावी पाठवलं' असं करते. एकच उरलं : जी मुलं छावणीत न जाता गावकऱ्यांच्या घरी ठेवली, त्या घराला 'बिलेट' म्हणत. घरमालकाला सरकार दर आठवड्याला पैसे द्यायचं, म्हणून 'पाहुणा' लिहवत नाही.

प्रतिसाद :
'उतरणं' वापरा. लॉजवरही उतरतात आणि मावशीकडेही. पैशाचा प्रश्न त्यात येत नाही. नव्या गावात दुसऱ्या दिवशी शाळेत भेटलेली पोरं एकमेकांना 'तू कोणाकडे उतरलायस?' असंच विचारतील.