सेफ्टीची पदवी बंद करा म्हणणाऱ्यांना

परमिटवाला
परवाच्या धाग्यात एकाने लिहिलंय: 'सेफ्टीच्या पदव्या बंद करा, पोरांना थेट नेबॉशचा सर्टिफिकेट कोर्स करायला लावा. चार वर्षं विद्यापीठात घालवून आलेल्याला हॉट वर्क परमिट (वेल्डिंग-कटिंगसारख्या कामाची लेखी परवानगी) भरता येत नाही.' खाली टाळ्या पडल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

तक्रार खरी आहे, औषध साफ चुकीचं. नेबॉश ही ब्रिटनची परीक्षा घेणारी संस्था, आयजीसी हा तिचा सेफ्टीचा सर्टिफिकेट कोर्स. त्याचे भाग दोन. पहिला पेपर 2020 पासून पुस्तक उघडं ठेवून सोडवायचा, दुसऱ्यात एका जागेची जोखीम तपासून अहवाल द्यायचा. रिअ‍ॅक्टरचं तापमान हाताबाहेर का जातं हे त्यातून कळणार आहे का? त्याला केमिस्ट्री लागते, उष्णतेचं गणित लागतं. डोंबिवलीत 2016 च्या मे महिन्यात कारखाना उडाला, 2024 च्या मे महिन्यात पुन्हा. अशा ठिकाणी हेल्मेट-बूट तपासणारा माणूस पुरत नाही.

पदवीचा दर्जा नॅकच्या श्रेणीवरून किंवा प्लेसमेंटच्या आकड्यावरून ठरवू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलाला चालू प्लँटमध्ये उभा करा आणि टाकीत माणूस उतरवायचा परमिट हातात द्या. गॅस कुठे मोजलास, नुसता वरच्या मॅनहोलपाशी की मध्ये आणि तळाशीही? ऑक्सिजन आधी का? ऑक्सिजन कमी असला की ज्वलनशील वायूचं रीडिंगच खोटं येतं, हे ज्याला सांगता येत नाही त्याला पास करू नका.

शिफ्ट_बी
मी केमिस्ट्रीत बीएस्सी, पाच वर्षं प्लँटला घासली, मग एडिस, म्हणजे इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा, केलं. महाराष्ट्राच्या 1982 च्या सुरक्षा अधिकारी नियमांत डिप्लोमाही मागितलाय आणि सुपरवायझरी अनुभवही. तो उगाच घातलेला नाही. तुमचा पदवीधर बाविसाव्या वर्षी येतो आणि वीस वर्षं प्लँट चालवलेल्या ऑपरेटरला शिकवायला लागतो.

आमच्याकडे एक आला होता, डिस्टिंक्शनवाला. सम्पपाशी, म्हणजे सांडपाण्याच्या खड्ड्यापाशी, सडक्या अंड्याचा वास येत होता, थोड्या वेळाने येईनासा झाला. हा म्हणतो, गॅस गेला, उतरा. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं! जुन्या ऑपरेटरने हेल्परला दंडाला धरून मागे ओढला म्हणून निभावलं. असल्या पदवीचं काय करायचं?

परमिटवाला
त्याला कुणीतरी नापास करायला हवं होतं, मी तेच म्हणतोय. आणि एडिसचं कौतुक मला सांगू नका. रविवारचे वर्ग मी पाहिलेत, मागच्या बॅचचे जर्नल उतरवून सह्या घेणारे पाहिलेत. प्लँटमधले धोके एकेक करून शोधणाऱ्या हॅझॉपच्या बैठकीला आयुष्यात एकदाही न बसलेला माणूस हॅझॉप शिकवतो.

शिफ्ट_बी
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी नाइट शिफ्ट करून अभ्यास केलाय.

खडूधारी
शिकवणारा मीच आहे, म्हणून बोलतो. हॅझॉपला मी बसणार कुठे? कंपन्या दारात उभं करत नाहीत. वर्षाला एक इंडस्ट्रियल व्हिजिट, त्यात कॉन्फरन्स रूममध्ये पीपीटी, चहा-बिस्किटं, गेटवर ग्रुप फोटो. सहा महिन्यांची इंटर्नशिप मागितली की एचआर म्हणतो, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची? फ्रेशरला काही येत नाही म्हणून ओरडणारे आणि विद्यार्थ्याला गेटबाहेर ठेवणारे एकच आहेत.

ठेक्यावरचा
तुम्ही अभ्यासक्रमावर भांडा. मी पदवीवाला आहे, परमिटही येतं, परीक्षा घ्या हवी तर. पण माझा पगार ठेकेदार देतो. काम थांबवलं तर आधी माझाच पगार थांबतो. सकाळी हजेरी, दुपारी गेटपास, अधूनमधून कँटीनची कुपनं. टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधी कामगारांशी सेफ्टीवर बोलायचं त्याच्या) वहीत सगळ्यांच्या सह्या मीच गोळा करायच्या, बोलायला मात्र पाच मिनिटं मिळत नाहीत. याचा पेपर कुठल्या विद्यापीठात आहे?

मीरा_ईएचएस
नियमात स्पष्ट आहे की सेफ्टी अधिकाऱ्याला त्याच्या कामाच्या आड येणारं दुसरं काम द्यायचं नाही. लेखी कळवा.

ठेक्यावरचा
ताई, तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात ना? लेखी कळवलं होतं. पुढच्या महिन्यात साइट बदलली माझी. तिसऱ्या मजल्याच्या कडेला रेलिंग नव्हतं म्हणून स्लॅब थांबवला, एवढाच गुन्हा.

मीरा_ईएचएस
असं सगळीकडे होत नाही.

शिफ्ट_बी
होतं. रोलवरच्यांनाही होतं. इन्क्रिमेंट प्रॉडक्शन हेडच्या हातात असलं की कोण सही नाकारतो? या बाबतीत मी ठेक्यावरच्या भावाबरोबर आहे, पदवी असो वा नसो.

खडूधारी
त्यात 2020 च्या कामगार सुरक्षा कोडने सेफ्टी अधिकारी नेमायची हजार कामगारांची अट 500 वर आणली, धोकादायक प्रक्रियेत आणि बांधकामात 250. म्हणजे जागा वाढणार आणि कोर्स काढणारेही. या धांदलीत पोरांना प्लँट दाखवणार कोण?

परमिटवाला
ठेक्यावरच्यांचं दुखणं खरं आहे, पण विषय तिकडे वाहून गेला. सही करताना दबाव येतो म्हणून सही कशावर करायची ते शिकवायचं नाही का? ज्याला रीडिंग कळत नाही त्याला दबावाची गरजच पडत नाही, तो हसत सही करतो.

शिफ्ट_बी
बरं, तुमची प्लँटमधली परीक्षा मान्य. मनापासून नाही, पण मान्य. माझ्या अटी दोन. परीक्षक कॉलेजचा नको, आणि एक जुना ऑपरेटर पॅनेलवर हवा. तो नाही म्हणाला तर पोरगा नापास, मग विद्यापीठ काहीही म्हणो.

ठेक्यावरचा
माझाही एक प्रश्न घाला त्यात. परमिटवर सही नाकारली, साइट मॅनेजरचा फोन आलाय, खाली क्रेन भाड्याने उभी आहे. काय बोलशील? याला मार्क किती ठेवणार ते आधी सांगा.