लहान फोन हवा म्हणणारे दुकानात गेल्यावर कुठे जातात?

हिशेबी (धागाकर्ता)
नवा फोन आला की एक प्रतिसाद ठरलेला: "हा फोन आहे की पोळपाट? खिशात मावेल असा काढा कोणीतरी." अहो, काढला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये आयफोन १२ मिनी आला. ५.४ इंची पडदा, वजन जेमतेम १३५ ग्रॅम, प्रोसेसर आणि कॅमेरे थेट आयफोन १२ चेच. पुढच्या वर्षी १३ मिनी. २०२२ मध्ये नवा मिनी आलाच नाही, त्याच्या जागी ६.७ इंची १४ प्लस आला. सोनीची कॉम्पॅक्ट मालिका २०१८ नंतर थांबली. असूसचा झेनफोन तीन वर्षं ५.९ इंचांवर तग धरून होता, २०२४ ला तोही ६.७८ वर गेला. माझं म्हणणं एवढंच, की ही मागणी नुसती तोंडी आहे. पैसे मोजायची वेळ आली की हात मोठ्याकडेच जातो.

कडीला_लटकलेली
तोंडी नाही हो. सकाळची फास्ट लोकल, एक हात कडीला, खांद्यावर पर्स. उरलेल्या एका हाताने मोठा फोन चालवून दाखवा, अंगठा वरच्या कोपऱ्याला पोचतो का बघा. आणि आमच्या कुर्त्यांना खिसे असलेच तर ते रुमालापुरते. मी १३ मिनी घेतला, अजून तोच वापरते.

सोल्डरमास्तर
दुरुस्तीच्या दुकानात बसतो म्हणून सांगतो. फोन आखूड केला तरी कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचा पोर्ट काही आखूड होत नाहीत. कात्री बॅटरीला लागते. साध्या १२ मध्ये बॅटरीची क्षमता २८१५ एमएएच, मिनीत २२२७. पडदा लहान म्हणून तो वीज कमी खातो हे खरं, पण प्रोसेसर आणि नेटवर्क तेवढीच खातात. १२ मिनीवाले संध्याकाळी चार्जर शोधत फिरायचे. असं एक गिऱ्हाईक चार मित्रांना "नको घेऊस" म्हणून सांगतं, मग जाहिरात कितीही करा.

उलट_टपाली
धागाकर्त्यांचा निष्कर्ष घाईचा वाटतो. वेळ बघा ना. एप्रिल २०२० मध्ये ॲपलनेच ४.७ इंची आयफोन एसई आणला, भारतात ४२,५०० ला. आटोपशीर फोनवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो घेऊन टाकला असणार. सात महिन्यांनी मिनी आला तो ६९,९०० ला, आणि आणखी १०,००० टाकले की १२ मिळत होता. एवढे खर्चणारा माणूस १०,००० साठी थांबतो होय? वर कोविड. सगळे घरात बसलेले, खिशात काय मावतं याची फिकीर कोणाला होती?

हिशेबी
१३ मिनीची बॅटरी सुधारली होती, लोकही घराबाहेर पडले होते. मग तो का नाही चालला?

तळमजला
कारण बहुतेक घरांत फोन हाच टीव्ही आणि हाच कॉम्प्युटर. माझी आई अडुसष्ट वर्षांची. अक्षर एवढं मोठं करून ठेवलंय की एका स्क्रीनवर व्हॉट्सॲपचे दोनच निरोप मावतात. जोडाक्षरं बारीक झाली की 'द्ध' आणि 'द्व' तिला सारखेच दिसतात. भाचीची अख्खी सातवी फोनवर झाली. त्यांना ५.४ इंच दिला असता तर शिव्याच खाल्ल्या असत्या. लोकलचा त्रास मान्य, पण दिवसातला तास-दीड तास. बाकीचा वेळ पडदाच बघायचा असतो.

उलट_टपाली
हे पटलं. तरी "मागणीच नाही" आणि "मागणी थोडी आहे" यात फरक आहे. लाखांनी विकला गेलेला फोनही आयफोनच्या हिशेबात नापास ठरतो. एखाद्या छोट्या कंपनीने त्यात दिवाळी केली असती.

सोल्डरमास्तर
छोट्या कंपनीला तो पडदा कोण बनवून देणार? वेगळ्या मापाचा पडदा थोड्या संख्येत मागितला की एकेक नग महाग पडतो.
@कडीला_लटकलेली, तुमच्या मिनीची बॅटरी हेल्थ किती?

कडीला_लटकलेली
७८ टक्के. दुपारीच मान टाकतो.

सोल्डरमास्तर
बॅटरी बदला, दोन वर्षं सहज जातील.

हिशेबी
बघा! जिला लहान फोन मनापासून आवडतो, ती नवा घेतच नाही. असं गिऱ्हाईक कोणत्या कंपनीला परवडेल?

कडीला_लटकलेली
नवा घेऊ कुठला? तुम्हीच तर वर यादी दिलीत, सगळे बंद झाल्याची.