नेरूळच्या खाडीत रोहितदर्शनाची होडी: धंदा म्हणून उभी राहील का?

प्रश्न: सारसोळेकर

नमस्कार. आमचे घर सारसोळे कोळीवाड्यात आहे. वडील अजूनही खाडीत जाळे टाकतात, मी मात्र वाशीत नोकरी करतो. डिसेंबर लागला की सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर रोहित पक्षी, म्हणजे सगळे ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात ते, पाहायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि जो तो होडीची चौकशी करतो. मासळी दरवर्षी कमी होत चालल्यामुळे कर्ज काढून वीस माणसांची होडी घ्यावी, असे माझ्या मनात आहे.

मात्र गेल्या हंगामातील एक अनुभव विसरता येत नाही. कार्यालयातील बारा जणांना मी एका रविवारी वडिलांच्या होडीतून नेणार होतो. त्यांना अकरा वाजता बोलावले होते, ते नाश्ता आटोपून सव्वाबाराला पोहोचले. जेट्टीपासून थोडे पुढे जातो न जातो तोच होडी चिखलात बसली आणि सगळ्यांना उन्हात ताटकळावे लागले. वडील वर्षभर खाडीत असतात, त्यांनी सकाळीच नको म्हटले होते, पण मी ऐकले नाही. पक्षी जेमतेम सहा महिने असतात आणि त्यातही पाण्याचा हा प्रकार, अशा स्थितीत कर्ज फिटेल का?

उत्तर १: पाणथळ

होडी बसली त्या वेळेवरून तो दिवस दशमी-एकादशीचा असावा. आपल्या वडिलांना ठाऊक असलेला हिशेब इतरांसाठी लिहितो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशीला सव्वाआठ, अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. एकादशीला सव्वाबारापर्यंत ओहोटी निम्म्याहून अधिक उलटलेली असते, तेव्हा होडी बसणारच.

छोटे रोहित चोच उलटी धरून चिखलातील शेवाळ गाळून खातात. (हे शेवाळ आपल्या सांडपाण्यावर पोसले जाते, असे अनेक अभ्यासक मानतात. आपली घाणच आपले आकर्षण पोसते, हा विचार मला दर हंगामात अस्वस्थ करतो.) म्हणून होडीची योग्य वेळ म्हणजे भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास, जेव्हा होडीपुरते पाणी आलेले असते आणि काठचा चिखल अजून उघडा असतो. चिखल बुडाला की थवे उठून डीपीएस तलाव, टीएस चाणक्य अशा पाणथळ जागांवर विसावतात. त्यामुळे चढत्या पाण्यात होडी आणि पूर्ण भरतीला तलावाकाठी पायी फेरी, अशी जोडणी केली तर एकाच दिवसात दोन्ही दृश्ये दाखवता येतात. द्वादशीच्या रविवारी सकाळी साडेसहाला निघावे, अष्टमीला दुपारी साडेतीनला. चतुर्थी-पंचमीचा रविवार सोडून द्यावा, कारण ऐन उन्हात निघावे लागते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती असते, चिखल पुरता बुडत नाही आणि तलावावर गर्दी कमी होते, हेही पर्यटकांना आधीच सांगून ठेवावे.

वेळ पर्यटकाने ठरवायची नसते, हे पैसे घेण्यापूर्वी स्पष्ट करता आले, तरच या व्यवसायात पडावे.

उत्तर २: निवृत्त_बेलापूर

कर्जाआधी परवान्याचा विचार करावा. मासेमारीच्या होडीतून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी प्रवासी होडी म्हणून नोंदणी, तपासणी, विमा आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट लागते. आपण सहकाऱ्यांना नेले ते पैसे न घेता असावे, असे गृहीत धरतो. तरीही बारा जणांसाठी जाकिटे होती का? १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या बोटीला झालेला अपघात आठवला म्हणजे हा प्रश्न कटकटीचा वाटणार नाही.

दुसरे असे की, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. अभयारण्य ऐरोली व वाशी पुलांच्या मधल्या पट्ट्यात, मुंबईच्या काठाला आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून वन खात्याच्या होड्या जातात, त्याही भरती पाहूनच. म्हणजे नेरूळला गिऱ्हाईक आले तरी त्याला पर्याय आहे.

खरी जोखीम मात्र होडीत नसून पाण्यात आहे. २०२४ मध्ये डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आणि काही पक्षी दगावले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरजवळ विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. २०२५ च्या अखेरीस नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. त्यातून पर्यटक वाढतील, हे खरे. पण त्याच आकाशात थवे फिरतात, हेही खरे. ज्या तलावात पाणी आणणाऱ्या नळीत अडकलेला कचरा आपल्या हप्त्यावर परिणाम करू शकतो, त्याकडे होडीवाल्यांनीच लक्ष ठेवायला हवे.

उत्तर ३: दिवाळ्याची_सून

वरील दोघांचे म्हणणे पटले, तरी सुरुवात होडीपासून करण्याला माझा विरोध आहे. आमच्याकडे मी आणि जाऊ मिळून पक्षी पाहून परतणाऱ्या ओळखीच्या गटांना जेवण देतो: तांदळाची भाकरी, चिंबोरीचा रस्सा, सुका जवळा आणि मिळाल्या तर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे. त्यासाठी कर्ज लागले नाही, घरची भांडी पुरली. होडी चुकली तरी माणूस उपाशी परत जात नाही, त्यामुळे त्याचा रागही कमी होतो. शिवाय जूनमध्ये पक्षी गेले की होडी बांधून ठेवावी लागते, चूल मात्र चालूच राहते.

एक अडचण सांगते. गट जेवायला येतो तो बहुधा बाहेरच्या आयोजकाने आणलेला असतो, आणि पर्यटकाने मोजलेल्या रकमेतील किती वाटा कोळीवाड्यात उतरतो हे आम्हाला कळतही नाही. आपण थेट नावनोंदणी घेणार असाल तर तो वाटा इथेच राहील. आणि आपल्या वडिलांना होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून ठेवा, नोकर म्हणून नव्हे. पक्ष्यांपासून किती अंतरावर इंजिन बंद करायचे, हे त्यांच्याइतके कुणाला समजणार? फोटोसाठी होडी जवळ घ्या असा हट्ट धरणाऱ्यांना आपण नाही म्हणू शकणार नाही, ते म्हणतील.

प्रश्नकर्ता: सारसोळेकर

सर्वांचे आभार. त्या दिवशी होडीत चारच जाकिटे होती, हे कबूल करतो. वडिलांना तिथीचा हिशेब विचारला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘त्या दिवशी एकादशीच होती, म्हणूनच नको म्हटलं होतं.’ कर्जाचा अर्ज तूर्त बाजूला ठेवला आहे. या हंगामात फक्त तलावाकाठची पायी फेरी आणि आईच्या हातचे जेवण, असे आठ-दहा जणांचे गट घेऊन पाहतो. द्वादशीचा रविवार दिनदर्शिकेत शोधून ठेवला आहे. दिवाळ्याच्या ताई, निवट्या साफ करण्याची आपली पद्धत आईला विचारायची आहे, जमल्यास इथेच लिहावी.