कोणत्याही गटात नसलेल्या माणसाने ग्रामसभेत प्रश्न कसा मांडावा?

प्रश्न (एक ग्रामस्थ)

आमच्या गावात दोन गट आहेत आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका वर्षानुवर्षे त्यांच्याच पॅनेलमध्ये होत आल्या आहेत. मी यांपैकी कोणत्याही गटात नाही आणि निवडणूक लढवण्याचा माझा विचारही नाही. मात्र गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो, ही गोष्ट मी मनापासून मानतो आणि म्हणून ग्रामसभेला नियमित जातो. अडचण अशी की, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती किंवा अर्धवट राहिलेली गटार याविषयी मी काही विचारले, तर सत्ताधारी मंडळींना तो विरोधकांनी पढवलेला प्रश्न वाटतो, आणि विरोधी गट लगेच माझी बाजू घेऊन त्याचे भांडण करतो. मूळ विषय तिथेच राहतो. अनेकदा तर कोरम (गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती) नाही म्हणून सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला मोजकी माणसे असताना सगळे ठराव मंजूर होतात.

घरच्यांचे म्हणणे असे की, ज्यांच्यासोबत जन्मभर राहायचे त्यांच्याशी वाकडे कशाला घ्यायचे. मला त्यांची काळजी समजते, पण गप्प बसणेही पटत नाही. गावाशी असलेले संबंध टिकवून, कोणाचा माणूस असा शिक्का बसू न देता ग्रामसभेत उपयोगी पडेल असा सहभाग कसा घ्यावा? की निवडणुकीला उभे राहिल्याशिवाय गावाच्या कारभारात सामान्य माणसाला जागाच नाही?

प्रतिसाद १ (माजी ग्रामपंचायत सदस्य)

आपण विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. जागा आहे, आणि ती कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, तेव्हापासून ग्रामसभेला राज्यघटनेतच स्थान आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ८ नुसार आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे वार्षिक विवरण, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षात घ्यावयाची विकासकामे आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्यावरील उत्तरांसह ठेवावी लागते. कलम ८-अ नुसार विकास योजनांवरील खर्चाला ग्रामसभेची परवानगी लागते. त्यामुळे टाकीच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, हा प्रश्न विचारणारा माणूस कोणाच्या कारभारात नाक खुपसत नसतो. जी माहिती त्याच्यापुढे ठेवलीच गेली पाहिजे होती, तीच तो मागत असतो.

तरीही सभेत उठून प्रश्न विचारणे ही सहभागाची सर्वांत दुबळी पद्धत आहे, असे माझे सदस्य असतानाच्या अनुभवावरून ठाम मत झाले आहे. ऐनवेळी आलेल्या प्रश्नाला सरपंचांकडे कागद नसतो, कागद नसला की ते बचावाच्या पवित्र्यात जातात, आणि चार लोकांसमोर बचाव करावा लागलेला माणूस ती गोष्ट विसरत नाही. म्हणून विषय सभेच्या आधीच लेखी द्यावा. साध्या कागदावर, एका अर्जात एकच विषय, आणि त्याची पोच घ्यावी. ग्रामसभेची नोटीस निघण्यापूर्वी तो ग्रामसेवकांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) पोहोचला, तर तो विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती करता येते. विषयपत्रिकेवर आलेला विषय सभेचा होतो, तो आपला एकट्याचा राहत नाही. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीवर विसंबून राहू नका. तिथवर येईपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते.

अर्ज देण्यापूर्वी सरपंचांना एकदा प्रत्यक्ष भेटा. काय विचारणार आहात ते त्यांना आधीच सांगण्यात कमीपणा नाही. आपला हेतू त्यांना सभेत पकडण्याचा नाही, हे त्यांना यातून जितके कळते तितके दुसऱ्या कशानेही कळत नाही. शक्य झाल्यास तोच अर्ज विरोधी गटातील सदस्यालाही दाखवा. दोन्हीकडे एकच कागद गेला की शिक्का मारायला जागा उरत नाही.

वेळेचेही भान हवे. गावाचा विकास आराखडा तयार करण्याचे काम साधारणपणे २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि पुढच्या आर्थिक वर्षाची कामे हिवाळ्यातच ठरून जातात. मे महिन्याच्या सभेत नवे काम मागणाऱ्याला ‘आराखड्यात नाही’ असे उत्तर मिळते आणि ते उत्तर खरे असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून दिलेल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची होती. टाकी आणि गटार हे दोन्ही विषय बरोबर त्यात बसणारे आहेत. आपल्या गावाचा आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहता येतो. कोणते काम कोणत्या वर्षी आराखड्यात होते, हे तिथून लिहून घ्या आणि मगच अर्ज लिहा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील सामोपचाराची भूमिका चांगली आहे, पण ज्या गावात मागितलेला साधा कागदही मिळत नाही तिथे ती पुरी पडत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ पासून आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा, ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास प्रथम अपील करावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘सर्व कामांची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिण्यापेक्षा त्या एका कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक यांच्या प्रती मागाव्यात. नमुना ५ ची रोकडवही प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही करता येते, कारण अभिलेखांची पाहणी करणे हा या कायद्याने दिलेलाच अधिकार आहे. संबंध बिघडतील या भीतीने हा मार्ग टाळला तर प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरत जातो, आणि ते मला गावासाठी जास्त धोक्याचे वाटते.

प्रतिसाद ३ (बचत गटातील सदस्य)

आपल्या प्रश्नात कोरमचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला आहे, परंतु माझ्या मते सगळ्याचे मूळ तिथेच आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर असले की गणपूर्ती होते. म्हणजे ५०० मतदारांच्या गावात ७५ माणसे पुरतात. मतदानाच्या दिवशी पहाटेपासून रांगा लावणाऱ्या गावात ग्रामसभेला ७५ माणसे येत नाहीत, याचे दुःख वाटायला हवे. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. लोक आले नाहीत तर कारभार अडून राहू नये म्हणून ही सोय आहे, पण तिचाच आधार घेऊन गावाचे निर्णय दहा-बारा माणसांत होऊ लागतात. यात कोणी मुद्दाम कट केलेला असतोच असे नाही; लोकांच्या गैरहजेरीतून आपोआप तसे घडते.

म्हणून माझी आपल्याला अशी सूचना आहे की सभेत बोलण्यावर जितकी शक्ती खर्च करता, त्यातील बरीचशी माणसे सभेला आणण्यावर खर्च करावी. आमच्या गटातील बायकांनी सुरुवात महिला सभेपासून केली. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, परंतु पुष्कळ ठिकाणी ती केवळ कागदावर होते, म्हणजे घरोघरी वही फिरते आणि सह्या घेतल्या जातात. आम्ही सह्या करण्याचे थांबवले आणि सभा खरोखर भरवण्याचा आग्रह धरला. वेळ दुपारची मागून घेतली, कारण सकाळी शेतात जायचे असते आणि संध्याकाळी चूल असते. त्या सभेत पाणी कोणत्या आळीत किती वेळ येते, हे प्रत्येकीने आपापल्या घरचे सांगितले. ते सगळे एका कागदावर उतरवून ग्रामसभेत ठेवले, तेव्हा हा कोणत्या गटाचा प्रश्न आहे असे कोणी विचारले नाही, कारण दोन्ही गटांच्या घरातील बायका त्यात होत्या.

हे मी मुद्दाम विस्ताराने लिहिले. राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी खुर्चीवर बसलेल्या बाईच्या पाठीशी सभेत बसलेल्या बायका नसतील, तर तिच्या नावाने दुसरेच कोणी बोलत राहते. आपल्या घरातील स्त्रिया महिला सभेला जातात का, हे आपण एकदा विचारून पाहावे.

प्रतिसाद ४

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक असून २००९ मध्ये त्याला हे हक्क मिळाले. त्याविषयी लिहिताना बहुधा जंगल आणि बांबू यांचाच उल्लेख होतो. मला मात्र तेथील अभ्यास गटाची पद्धत अधिक मोलाची वाटते. तिथे निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने होतो. त्याआधी विषय समजून घेण्यासाठी वेगळी बैठक असते आणि त्या बैठकीत कोणताही निर्णय घ्यायचा नसतो. निर्णय होणार नाही हे आधीच ठरलेले असल्यामुळे कोणाला जिंकायचे नसते, आणि ज्याला माहिती नाही तो ‘मला माहीत नाही’ असे मोकळेपणाने म्हणू शकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्येही पावसाच्या प्रमाणानुसार पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून कोणती पिके घ्यायची हे ठरवण्याची रीत पडली. आकडे सर्वांसमोर आल्यावर वाद माणसांवरून पाण्यावर येतो. पोपटराव पवार यांच्यासारखे नेतृत्व प्रत्येक गावाला लाभत नाही हे मान्य आहे, पण आकडे फळ्यावर लिहिण्यासाठी तसे नेतृत्व लागतेच असे नाही. दोन्ही गटांतील आणि गटाबाहेरील पाच-सहा माणसांना घेऊन ग्रामसभेच्या आधी आराखडा नुसता वाचायला बसा. सुरुवातीला ठराव, मागणी, निवेदन यांपैकी काहीही करू नका.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

सर्वांचे आभार. सभेच्या आधी अर्ज देणे आणि सोबत बसून आराखडा वाचणे या दोन्ही गोष्टी मी करून पाहणार आहे. महिला सभेविषयी घरी विचारले असता, सही घेतली जाते पण सभा कधी पाहिली नाही, असेच उत्तर मिळाले. आता एक शंका आहे. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीही आहे. अशा समितीत जावे का? आणि सभेत माझ्या विषयावर चर्चा झाली, पण इतिवृत्तात तिचा उल्लेखच आला नाही, तर काय करावे?

प्रतिसाद ५ (माजी ग्रामपंचायत सदस्य)

समितीत अवश्य जावे. आपले मूल गावच्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते, कारण शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि तिथे गटबाजी तुलनेने कमी असते. पाणीपुरवठा समितीत पैशांचे व्यवहार असतात, त्यामुळे तिथे जाण्यापूर्वी हिशेब वाचण्याची सवय झालेली बरी. मात्र समितीचे सदस्यत्व स्वीकारले की आपणही उत्तर देण्याच्या बाजूला येता, आणि आजवर आपण ज्या तपशिलाने प्रश्न विचारलेत त्याच तपशिलाने इतरांना आपल्याला विचारता आले पाहिजे.

माहिती अधिकाराविषयी वर जे लिहिले गेले आहे त्याला माझा विरोध नाही. लेखी अर्जाला उत्तर आले नाही तर तो मार्ग धरावाच, पण पहिले पाऊल म्हणून नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

इतिवृत्ताची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण प्रोसिडिंग बुकात जे लिहिले गेले नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते. चर्चा संपताना ‘या विषयावर काय ठरले ते कृपया वाचून दाखवावे’ अशी विनंती करा. ठराव असेल तर सूचक आणि अनुमोदक यांची नावे, काम कोणी करायचे आणि कोणत्या मुदतीत, हे त्याच वेळी लिहून घ्यायला लावा. सूचक एका गटातील आणि अनुमोदक दुसऱ्या गटातील मिळाला तर फारच चांगले. त्यानंतरच्या ग्रामसभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. बहुतेक ठिकाणी ते न वाचताच कायम होते. ते पूर्ण वाचावे असा आग्रह त्या वेळी धरा, आणि आपला विषय त्यात नसेल तर इतिवृत्त कायम होण्यापूर्वी दुरुस्ती लेखी द्या.